चार फ्रीजर आणि एक अनुकूल शेरा

आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय निधी-संकलनाचं नेतृत्व माझ्याकडे आलं, कारण त्या बैठकीला मी अकरा मिनिटं उशिरा पोचलो. वेळेवर आलेल्यांनी तोवर आपापली कारणं सांगून टाकली होती आणि जगातली चांगली कारणं संपली होती. एकाचा मणका, एकीच्या सुनेचं बाळंतपण, एकाचा थेट वैराग्याकडे कल. मी दार ढकलून आत आलो आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने टाळ्या ऐकताच आल्या पावली परत जायला हवं होतं. मी मान लववून आभार मानले.

"त्या दिवशी परदेशी पाहुण्यांशी जेवताना तुम्हीच बोलत होता ना?" कुलगुरू म्हणाले.

बोलत होतो. पाहुण्यांनी मीठ मागितलं होतं आणि मी ते दिलं होतं. निधी-संकलनात मागणारा मी आणि देणारे ते असा उलटा प्रकार असतो, पण एवढ्या बारकाव्यात कोणी शिरलं नाही.

कार्यालय म्हणून मिळालेल्या खोलीत पूर्वी जुन्या उत्तरपत्रिका ठेवत. नापासांना एक वास असतो. तो रंग दिल्याने जात नाही. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि ओल लागून त्यातला एक अख्खा महासागर गळून पडला होता. हाताखाली एक कारकून. सत्तावीस वर्षं जावक विभागात काढल्यामुळे त्यांना सगळे जावकराव म्हणत. अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी एक पत्र जोडकागदांशिवाय बाहेर गेलं होतं, त्याची चौकशी नऊ वर्षं चालली, आणि चौकशीअंती नियम झाला की बाहेर जाणाऱ्या पत्रासोबत संबंधित कागद जोडल्याशिवाय शिक्का मारू नये. जावकरावांनी त्यानंतर एकही पत्र उघडंनागडं बाहेर जाऊ दिलं नव्हतं. मला हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी "वा, वा" म्हणालो. ऐकत नसताना माणूस जे म्हणतो ते.

आता हे सगळं मी का स्वीकारलं, तर ताईमुळे.

माझी थोरली बहीण याच विद्यापीठात, मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर प्रयोगशाळा चालवते. बाकी सगळे तिला बाई म्हणतात, मी ताई म्हणतो, आणि ती मला तिच्या विद्यार्थ्यांसमोर "धाकट्या" म्हणते. काही घराण्यांत एक रोग पिढ्यानपिढ्या उतरतो. चाळिशीच्या आसपास आधी चाल बिघडते, मग हात, मग जीभ, आणि शेवटी माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा अवघडून बसून राहतो. ताई एकतीस वर्षं अशा बावन्न घरांतल्या माणसांचं रक्त दर वर्षी ठरल्या तारखेला घेत होती. ज्यांना रोग झालाय त्यांचं, ज्यांना नाही त्यांचं, आणि ज्यांचं अजून ठरायचंय त्यांचं. चाल बिघडायच्या आधी कित्येक वर्षं रक्तात काहीतरी बदलतं, असं तिचं म्हणणं. नेमकं काय ते दोन वर्षांत सांगते, म्हणत होती. ते सगळं रक्त उणे ऐंशी अंशांवर चार फ्रीजरमध्ये होतं. आणि लेखा विभागाचं पत्र आलं होतं की वर्षअखेरीस या फ्रीजरची वीज आणि देखभाल बंद होईल. बाहेरून निधी आल्यास फेरविचार करण्यात येईल.

"संचालक झालास म्हणे," ताई म्हणाली.

"झालो."

"मग माझे फ्रीजर वाचव. नाहीतर तुझ्या दारावरची ती 'संचालक' पाटी तरी काढ. लोकांची उगीच आशा वाढते."

घरी बायकोने बातमी शांतपणे ऐकून घेतली. "शेजाऱ्यांकडून आपलीच शिडी परत मागायला तुम्हाला दोन वर्षं लागली," ती म्हणाली, "तीही शेवटी मीच आणली. तुम्ही जगाकडे काय मागणार?"

हे शेजारी म्हणजे विमाकाका. आयुष्यभर विमा विकला आणि निवृत्त झाल्यावर सल्ला वाटायला लागले. तो फुकट असतो, पण हप्ते चुकत नाहीत. त्यांनी मला बाल्कनीतच दीक्षा दिली.

"हे बघ, माणूस कधी देतो? मरण आठवलं की. पण ते आपण आठवून द्यायचं नाही. आपण फक्त गुडघ्याची चौकशी करायची. आणि आधी त्याची फाईल बनव. वय काय, दुखणी काय, बायको आहे का, मुलांशी पटतं का."

"मुलांशी पटण्याचा काय संबंध?"

"पटत असेल तर तुझ्यासाठी काय उरणार, कपाळ? पटत नसेल तर समज लॉटरी लागली."

मला शिसारी आली. ती गिळून मी फाईल उघडली.

परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी काढून मी दोनशेच्या वर पत्रं पाठवली. एकाने ग्रंथालयाची अनामत अजून परत मिळाली नसल्याचं कळवलं. एका बाईंनी स्वतःचा कवितासंग्रह पाठवला आणि अभिप्राय मागितला. एकाने आपल्याच संस्थेसाठी माझ्याकडे देणगी मागितली, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याचं पत्र माझ्यापेक्षा सरस होतं. मी थोडे पैसे पाठवलेसुद्धा. पहिल्या चार महिन्यांत आमच्या कार्यालयातून झालेला एकमेव आंतरराष्ट्रीय व्यवहार हाच.

मग तोटीसम्राट सापडले. दोन वर्षं आमच्याकडे शिकून परदेशी गेलेले, आणि तिथे रुग्णालयांना लागणाऱ्या, कोपराने उघडायच्या तोट्यांचा कारखाना काढून गडगंज झालेले एक म्हातारे गृहस्थ. विमाकाकांच्या पद्धतीने मी त्यांची माहिती जमवली. एका वर्गमित्राला गाठलं, एका भाच्याला बोलतं केलं, आणि फाईलवर शेरे लिहिले. मला माझ्या अक्षराचा अभिमान आहे. ते लांबूनही वाचता येतं.

फाईल कुलगुरूंकडे गेली. त्यांना फ्रीजर फारसे रुचले नाहीत. "फ्रीजर ठीक आहेत हो, पण त्यांची फीत कुठे बांधणार? प्रवेशद्वार मागा. भव्य. त्यावर नाव कोरता येतं." तीन बैठका झाल्या. शेवटी पत्रात "चार फ्रीजर, व शक्य झाल्यास एक प्रवेशद्वार" अशी तडजोड झाली, सात सह्या झाल्या आणि पत्र जावकरावांकडे गेलं.

दहा दिवसांनी मी त्यांच्याकडे फाईल मागितली.

"ही घ्या मूळ," जावकराव म्हणाले. "प्रत सोबत गेली."

"कशाच्या सोबत?"

"पत्राच्या. अख्खी जोडलीय साहेब, एक पान सोडलं नाही. शेऱ्यांची पानं जरा फिकट येत होती, ती पुन्हा काढून घेतली."

मी खाली बसलो. खुर्ची तिथे होती हा निव्वळ योगायोग. फाईल उघडली. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "वय एक्याऐंशी. हृदयविकाराचे दोन झटके. त्वरा करावी." खाली: "पत्नी दिवंगत. एकटेपणा भरपूर." त्याखाली: "एकुलत्या मुलाशी बारा वर्षे अबोला. अनुकूल." 'अनुकूल'खाली मी एक रेघ मारली होती. समासात कुलगुरूंची हिरवी शाई होती: "उत्तम. तिसऱ्या झटक्यापूर्वी पत्र जावे."

जावकराव माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि नियमाप्रमाणे पाहिलं तर आजही झालेली नव्हती.

विमाकाका हे ऐकून बाल्कनीतून उठून घरात गेले. बायको म्हणाली, "आता निदान शिडी परत मागण्याइतकी तरी हिंमत आली असेल." ताईने फाईल मागवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"यात खोटं काही लिहिलंयस?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? पद्धत चुकलेली नाही. फक्त नमुन्याच्या हातात अहवाल पडला."

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी फोन वाजला.

"संचालक का?"

"बोलतोय."

"मी एकटेपणा भरपूर."

माझ्या तोंडून क्षमायाचनेसारखा काहीतरी आवाज निघाला.

"ते राहू द्या, दुरुस्त्या लिहून घ्या. झटके दोन नाहीत, तीन. तिसरा गेल्या वर्षी येऊन गेला. तुमच्या हिरव्या शाईवाल्यांना सांगा, पत्राला उशीर झाला. अबोला बारा वर्षांचा नाही, चौदा. आणि माझ्याबद्दल 'दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडले' असं लिहिलंय, ते साफ चूक. सोडलं नाही, नापास झालो. रसायनात. लिहिलंत?"

"लिहिलं, साहेब."

"हे बघा, दर आठवड्याला कुठली तरी संस्था मला माहितीपत्रक धाडते. त्यात झाडाखाली हसणारी पोरं असतात. मी कधी मरणार याचा हिशेब सगळेच करतात, पण तो कळवायचं सौजन्य कोणी दाखवलं नव्हतं. त्या फ्रीजरवाल्या बाई कोण? त्यांना द्या फोन."

मी मागच्या इमारतीत धावत गेलो आणि ताईला घेऊन आलो. धापा टाकत का होईना, तिने फोन घेतला.

"बाई, यातून औषध निघेल?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"माहीत नाही."

"म्हणजे सगळं फुकट जाऊ शकतं?"

"जाऊ शकतं. पण नेमकं कुठे फुकट गेलं ते नीट लिहून ठेवलेलं असेल."

म्हातारा मनापासून हसला. "तुमच्या भावाला हे माहितीपत्रकात लिहायला सांगू नका," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत त्यांचं पत्र आलं: चारही फ्रीजरचा दहा वर्षांचा सगळा खर्च. प्रवेशद्वार नाही. ताईने पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. पन्नाशी ओलांडलेल्या संचालकाला चारचौघांत टपली बसणं हा खरं तर अवमान आहे, पण मी तो नोंदवला नाही.

यानंतर देणगी स्वीकारण्याचं तेवढं बाकी होतं. देणगी मागणं सोपं असतं, मिळवणं कठीण असतं, आणि स्वीकारणं जवळजवळ अशक्य असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. परदेशी देणग्यांच्या स्वीकृती समितीत लेखाधिकाऱ्यांचा शब्द शेवटचा. फार मृदू माणूस. कोमट पाण्याचा घोट घेतल्याशिवाय नाही म्हणत नसत.

त्यांनी घोट घेतला. "अभिनंदन. फक्त एकच. फाईलवर तुमच्याच अक्षरात आहे की वारसाशी अबोला आहे."

"ते मी अनुकूल म्हणून लिहिलंय. खाली रेघ आहे बघा."

"तुम्हाला अनुकूल. कायद्याला नाही. उद्या म्हातारबुवा गेले आणि मुलगा कोर्टात उभा राहिला, की उत्तर आम्ही द्यायचं. मुलाचं ना-हरकत पत्र आणा."

"मी तो शेरा खोडला तर?"

"खोडा ना. खोडल्याचं कारण लिहा. आणि दात्याकडे जी प्रत गेलीय तीही खोडून आणा."

विमाकाकांनी बाल्कनीच्या कठड्यावर हात आपटला. "वेडा आहेस का? झोपलेला वारस उठवतात कधी?" पण दुसरा मार्ग नव्हता. वर्ष संपायला अडीच महिने उरले होते. मी फोन केला.

समितीची अट सांगितली. तोटीसम्राट म्हणाले, "चौदा वर्षांनी पोराला फोन करून काय सांगू? सही कर?"

"साधारण तसंच, साहेब."

"तुमची समिती भलतीच क्रूर आहे हो." आणि फोन ठेवला.

तीन आठवडे काहीच नाही. मी रोज सकाळी आवक विभागात डोकावायचो, संध्याकाळी ताईकडे. ती फ्रीजरच्या दारावरचे आकडे वहीत उतरवत असे: उणे एक्याऐंशी, उणे ऐंशी, उणे ऐंशी, उणे एकोणऐंशी. चौथा फ्रीजर जुना होता. त्याची ती जरा जास्त विचारपूस करायची.

मग फोन आला. आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता.

"संचालक, अहो, बोललो! मी सहीबद्दल विचारायला गेलो, आणि तो म्हणाला, बाबा, जेवलात का? चौदा वर्षांनी, अहो, जेवलात का! त्यापुढचं मला आठवत नाही. मला नातू आहे. नऊ वर्षांचा. पुढचा दात पडलाय, त्याची फट दाखवत होता."

"फार आनंद झाला, साहेब," मी म्हणालो. खरंच झाला होता. तर्कशास्त्राचा माणूस, पुढची पायरी मला आधीच दिसायला हवी होती.

"मुलाचा धंदा बुडालाय हो. राहतं घर जायची वेळ आलीय, आणि बेट्याने बापाला कळवलं नव्हतं. आता तुम्ही समजूतदार आहात. जे आहे ते तिकडेच लागणार. बाईंना मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीच सांगा. पण तुमच्या कार्यालयाचे उपकार मी विसरणार नाही. पत्नीच्या मागे मला एवढं कोणीच दिलं नव्हतं."

आमच्या कार्यालयाचं काम आणणं हे होतं. एकदाच काय ते दिलं, आणि तेही असं.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. तिने सगळं ऐकलं, डोळा न उचलता.

"त्या मुलाचं घर वाचेल?"

"वाचेल."

"बरं," ती म्हणाली, आणि काचपट्टी बदलली.

पुढच्या आठवड्यात मुलाचं ना-हरकत पत्र आलं, तीन प्रतींत, कृतज्ञतापूर्वक सही केलेलं. जावकरावांनी ते आनंदाने नोंदवलं. आता देणगी सोडून सगळी कागदपत्रं पूर्ण झाली होती. त्यामागोमाग एक खोकं आलं. त्यात कोपराने उघडायच्या बारा तोट्या होत्या, उत्तम प्रतीच्या. त्यातली एक कुलगुरूंनी प्रशासकीय इमारतीच्या स्वच्छतागृहात स्वतःच्या कोपराने उघडून तिचं उद्घाटन केलं. फीत बांधायला जागा होती. वार्षिक अहवालात छायाचित्र आलं, त्यात मीही आहे, मागे, आरशात.

उरलेल्या दिवसांत ताईने तीन संस्थांना विचारलं. एका संस्थेत जागा नव्हती. दोन ठिकाणी होती, पण प्रत्येक माणसाचं नव्याने संमतिपत्र हवं होतं, आणि निम्मी माणसं आता स्वतःचं नाव लिहिण्याच्या स्थितीत नव्हती. काही मेली होती. त्यांच्या वतीने संमती द्यायला आता त्यांचं रक्तच काय ते उरलं होतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी वीज विभागाचे दोघे आले, सही घेतली आणि खटके खाली केले. खोलीत एकतीस वर्षांची घरघर होती, ती थांबल्यावर कळलं की आम्ही भावंडं तिथे नेहमी जरा ओरडूनच बोलत होतो. जाळून टाकायच्या वैद्यकीय कचऱ्याचे पिवळे डबे भिंतीशी रांगेने ठेवले होते. नोंदवह्या खोक्यांत बांधून तळघरात गेल्या होत्या.

इतक्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अडतीस-एकोणचाळीसचा, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"बाई, उशीर नाही ना झाला? बस चुकली. आज माझी तारीख."

सगळ्यांना कळवणारी पत्रं जावक विभागात होती. प्रत्येकासोबत कोणते कागद जोडायचे, याबद्दल जावकरावांनी वरून मार्गदर्शन मागवलं होतं.

मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "बसा. बाही वर करा."

तिने हात धुतले, रबरी पट्टा बांधला, शीर शोधली. इतक्या हलक्या हाताने की तो बोलायचा थांबलासुद्धा नाही. मुलगी शाळेत जायला लागलीय, म्हणाला. वडील आता ओळखत नाहीत, पण आवाजाकडे वळून बघतात. मग त्याने दोन्ही हात समोर धरले. "थरथरत नाहीयेत ना, बाई? घरी आम्ही रोज बघतो. स्थिर आहेत ना?"

"हात स्थिर आहेत," ताई म्हणाली. "दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवत जा. इथलं आता बंद होतंय. कळवू तुम्हाला सगळं."

"बंद?" त्याने खोलीभर पाहिलं. "मग हे घेतलंत ते?"

"तुम्ही दोन तास प्रवास करून आलात."

त्याला ते पटलं असावं. त्याने मान डोलावली, कापसाचा बोळा दाबून धरला, आणि निघाला. ताईने नळीवर त्याचा क्रमांक लिहिला आणि सवयीने वळली. चौथ्या फ्रीजरच्या दारावरचा आकडा उणे बावन्न होता.

"कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"तो फाटकाबाहेर जाईपर्यंत तू धर."

मी नळी मुठीत धरली. ती कोमट होती. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. अंगण ओलांडून, पिशवी सांभाळत तो चालला होता. ती डोळे बारीक करून बघत होती.

"डावा पाय," ती म्हणाली.

"काय?"

"डावा पाय ओढतोय. गेल्या वर्षी नव्हता ओढत." ती वहीसाठी टेबलाकडे वळली. टेबलावर काही नव्हतं. "लिहून घे, धाकट्या."

मी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. नळीवरच्या चिठ्ठीवर त्याच्या क्रमांकाखाली बोटभर जागा होती. मी तिथे बारीक अक्षरात लिहिलं: डावा पाय. आणि तारीख घातली.